क्यूआर कोडवर कागद चिकटवून काय होणार?



मागच्या व्हिडिओनंतर एकाने मला सांगितलं, "सर, तुम्ही धंद्याचं शिकवा, राजकारण नको." मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. व्हिडिओत सगळं बोलता येत नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो.

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो. आमच्या चहाच्या टपरीवर रोज तीनच विषय असायचे. कुठला सर्व्हर पडला, रुपया कुठे चाललाय आणि दिल्लीत काय ठरलं. घरचे म्हणायचे, कामाचं काही बोलता की नुसत्या गप्पा? पण ते कामाचंच होतं. रुपया घसरला की परदेशी क्लायंटच्या बिलात फरक पडायचा. नियम बदलला की आमचा कोड बदलायचा. कोड बदलला की रात्र ऑफिसात जायची. हे तीन विषय वेगळे असतात असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आता तुमच्या गल्ल्यावरचा क्यूआर कोड बघा. त्या एका कागदावर हे तिन्ही विषय एकत्र आहेत.

झालं असं, की कराडला एका बॅचमध्ये एक मिसळवाले दादा भेटले. छान चालणारं छोटं हॉटेल, नवरा-बायको आणि दोन पोरं कामाला. त्यांनी क्यूआर कोडवर चक्क पांढरा कागद चिकटवला होता, वर लिहिलं होतं 'फक्त रोख'. मी विचारलं, दादा, का? म्हणाले, "कर्नाटकात नोटिसा आल्या ना सर. आपला भाचा बेंगळुरूला असतो, त्याने सांगितलं."

बातमी खरी होती. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यावसायिक कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटी नसतोच, तरी आली. बेंगळुरूत दुकानांवर 'नो यूपीआय' च्या पाट्या लागल्या, बंदची हाक दिली गेली. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली आणि नोंदणी करून घ्या, जुनी वसुली करणार नाही, असं सांगितलं.

आता यात नोटीस कॉम्प्युटरने काढली म्हणायची का? आकडा कॉम्प्युटरने दिला. चार वर्षांचा आकडा एकदम काढायचा हे माणसांनी ठरवलं. वसुली नको हेही माणसांनीच ठरवलं. राजकारण नको म्हणणाऱ्या मित्राला माझं पहिलं उत्तर हेच आहे.

दादांकडे परत येऊ. मी त्यांना विचारलं, वर्षाचा धंदा किती? त्यांना माहीत नव्हतं. मग बसून काढला. दिवसाला साधारण ८ हजार, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे वर्षाचे जवळपास २५ लाख. हॉटेल जीएसटीत सेवेत मोडतं आणि सेवेची नोंदणीची मर्यादा आहे २० लाख. फक्त मालाची विक्री करणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात ती ४० लाख आहे. म्हणजे दादा मर्यादेच्या वर आहेत. रोखीने घेतलं तरी वर, यूपीआयने घेतलं तरी वर. कागद चिकटवल्याने २५ लाखांचे १९ लाख होत नाहीत. फक्त गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जातं.

हे ऐकून दादांचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला हे मला समजतं. कंपोझिशन योजनेत हॉटेलला ५ टक्के भरावे लागतात आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळे लावता येत नाहीत. २५ लाखांवर ते होतात सव्वा लाख. छोट्या हॉटेलवाल्यासाठी सव्वा लाख म्हणजे पोरीची वर्षाची फी. "प्रामाणिक राहा" एवढं बोलून मी मोकळा झालो असतो तर मला स्वतःचीच लाज वाटली असती.

माझं मत स्पष्ट आहे. २० लाखांची ही मर्यादा आज छोट्या हॉटेलवाल्यावर अन्याय करते. जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला तेव्हा मर्यादा २० लाख होती. एप्रिल २०१९ पासून मालासाठी ती ४० लाख झाली, सेवेसाठी तिथेच राहिली. दरम्यान तेल वाढलं, गॅस वाढला, मिसळीची प्लेट वाढली. वर्षाला २० लाख म्हणजे रोजचे साडेपाच हजार, तेही सुट्टी न घेता. शंभराची प्लेट धरली तर ५५ प्लेटा. ५५ प्लेटा विकणारा माणूस मोठा व्यापारी झाला का हो? धंदा तेवढाच राहिला, नुसती महागाई त्याला ढकलत ढकलत मर्यादेच्या पलीकडे घेऊन गेली.

ही मर्यादा जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश असतं. आपल्या राज्याचा मंत्री तिथे बसतो. तुमच्या हॉटेल संघटनेने किंवा व्यापारी मंडळाने आमदाराला याबद्दल शेवटचं पत्र कधी दिलं होतं? पार्किंगसाठी दिलं असेल, अतिक्रमणाच्या कारवाईविरुद्ध दिलं असेल. यासाठी नाही. मी कुठल्या पक्षाचं नाव घेत नाही, घेणारही नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. यूपीआय फुकट आहे असं आपण म्हणतो. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआयने ते आणलं आणि १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यावरचा एमडीआर, म्हणजे बँकेचं कमिशन, सरकारने शून्य केलं. पण गिऱ्हाइकाने स्कॅन केल्यावर काय होतं बघा. त्याचं ॲप, ॲपची बँक, एनपीसीआयची यंत्रणा, गिऱ्हाइकाची बँक आणि तुमची बँक, एवढे सगळे दोन-तीन सेकंदांत एकमेकांशी बोलतात. एवढ्या लोकांच्या मशिनी फुकट चालत नाहीत. त्यातला काही भाग सरकार देतं. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०२४-२५ साठी अंदाजे १,५०० कोटी मंजूर केले. छोट्या व्यापाऱ्याकडच्या २ हजारांपर्यंतच्या व्यवहाराला ०.१५ टक्के, म्हणजे शंभराच्या मिसळीमागे पंधरा पैसे. उरलेलं बँका आणि ॲपवाले सोसतात आणि तुम्हाला साउंडबॉक्सचं भाडं, कर्ज, विमा विकून भरून काढायला बघतात. दुकानात बसल्या बसल्या 'प्री-अप्रूव्ह्ड लोन'चे मेसेज का येतात, आता लक्षात आलं ना?

हे शून्य कायमचं नाही असं मी धरून चालतो. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने एमडीआर लावण्याच्या बातम्या बिनबुडाच्या म्हटल्या. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा सांगत होते की खर्च कोणीतरी सोसावा लागेलच. पेमेंट कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या व्यापाऱ्यांवर ०.३ टक्के मागितले होते. समजा उद्या ते सगळ्यांना लागले. दादांचे १८ लाख यूपीआयने येत असतील तर वर्षाला ५,४०० रुपये. धंदा बुडणार नाही, पण आजच्या हिशेबात ते धरलेले बरे. माझं विचाराल तर छोट्यांना शून्यच राहावं. सुट्ट्या पैशांची कटकट आणि गल्ल्यातली चोरी कमी झाली, हा फायदा फक्त दुकानदाराचा नाही, बँकेचाही आहे.

आणि तंत्रज्ञानाचं? एकच किस्सा सांगतो, इंजिनिअरला राहवत नाही. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय कित्येक तास अडखळत होतं. कारण वाचून मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. काही बँकांच्या यंत्रणा एनपीसीआयला सारखं विचारत होत्या, "तो व्यवहार झाला का? झाला का? झाला का?" त्या विचारण्याच्याच गर्दीने यंत्रणा दमली. कॅशियरला दहा जण एकदम "माझे पैसे आले का" विचारतात, तसंच. त्यानंतर १ ऑगस्टपासून स्थिती विचारण्यावर मर्यादा आली, आणि एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की दोन वेगळ्या बँकांचे क्यूआर ठेवले तरी मधली यंत्रणा एकच आहे. गल्ल्यात दोन-तीन हजारांची सुट्टी रोकड असू द्या.

कागदाऐवजी दादांनी काय केलं ते सांगतो. धंद्याचं वेगळं चालू खातं उघडलं. त्यांच्या जुन्या बचत खात्यात मिसळीचे पैसे, मेव्हण्याने परत केलेले उसने, भिशीचे आणि गावच्या यात्रेची वर्गणी, सगळं एकत्र यायचं. खात्यात २५ लाखांऐवजी ३१ दिसत होते. खात्याला मिसळ आणि वर्गणी यातला फरक कळत नाही, तो कागदपत्रांनी दाखवावा लागतो. दुसरं, सीएकडे जाऊन नोंदणी केली आणि प्लेटमागे पाच रुपये वाढवले. तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, बाकीच्यांनी खाल्लं. आणि इन्कम टॅक्सचं एक त्यांना माहीतच नव्हतं. अनुमानित उत्पन्न योजनेत रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. 'फक्त रोख' लिहून ते स्वतःचाच नफा कागदोपत्री वाढवत होते!

आता कागद काढलाय. पण परवा फोनवर म्हणाले, "सर, शेजारचा अजून रोखच घेतोय, नोंदणी नाही, आणि त्याची मिसळ माझ्यापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त आहे." याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. शेजाऱ्याला पकडा असं मी म्हणणार नाही, मर्यादा वाढवा असं म्हणेन. दोघं मिळून हॉटेल संघटनेच्या पुढच्या बैठकीला जाणार आहेत. पत्राचा मसुदा मी करून दिलाय.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत कंपोझिशन घ्यावी की साधी नोंदणी, ते फळ्यावर आकडे मांडून दाखवतो. तोपर्यंत गेल्या बारा महिन्यांची विक्री, रोख आणि यूपीआय वेगवेगळी, एका वहीत काढून ठेवा. व्हिडिओ बघताना ती जवळ लागेल.