मैदानाचे प्रवेशमूल्य

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पगारदार कुटुंबांच्या खर्चाचे अंदाजपत्रक विस्कटते. वह्या, पुस्तके, गणवेश, दप्तर, बस किंवा रिक्षा यांची तरतूद बहुतेक घरांतून आधीच केलेली असते. अलीकडे मात्र या यादीत आणखी एका रकमेची भर पडली असून ती वर्षागणिक फुगत चालली आहे. ती रक्कम खेळाची. क्रीडाशुल्क, जिमखाना फी, ‘ॲक्टिव्हिटी फी’ अशा निरनिराळ्या नावांनी ती पावतीवर उमटते. पुढे आंतरशालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की प्रवेशशुल्क, संघाचा पोषाख, बूट, प्रवास, मुक्काम आणि भोजन यांसाठी तीच मागणी पुनःपुन्हा, आणि पुष्कळदा पावतीविना, घरी येते. मुलाची किंवा मुलीची संघात निवड झाली ही वार्ता आनंदाची खरी. परंतु कित्येक घरांत तो आनंद साजरा करण्यापूर्वी महिनाअखेरचा हिशेब पाहावा लागतो.

या खर्चाची सार्वजनिक चर्चा फारशी होत नाही, याचे एक कारण तो आकडेवारीत दिसतच नाही हे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०२५ साली केलेल्या शिक्षणविषयक पाहणीत सरकारी शाळेतील विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी २,८६३ रुपये, तर अन्य शाळांतील विद्यार्थ्यामागे २५,००२ रुपये असल्याचे आढळले. या खर्चाची विभागणी अभ्यासक्रमाचे शुल्क, वाहतूक, गणवेश, पुस्तके व लेखनसाहित्य अशा शीर्षकांखाली केलेली आहे. खेळाला त्यात स्वतंत्र स्थान नाही. त्यावरील खर्च काही शुल्कात, काही गणवेशात आणि उरलेला ‘इतर’ या सर्वसमावेशक रकान्यात विरून जातो. खासगी शिकवण्यांचा बोजा याच पाहणीत वेगळा मोजला जातो. म्हणून त्यावर अग्रलेख लिहिले जातात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. खेळाच्या बोजाच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

खर्च का वाढतो?

शाळाचालक नफेखोर झाले, एवढे म्हणून या प्रश्नाची वासलात लावणे सोपे आहे. पण ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. खर्चवाढीच्या मुळाशी निदान तीन कारणे आहेत. पहिले कारण जमिनीचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे सांगितले आहे. शहरांतील दाट वस्तीच्या शाळांपाशी मात्र प्रार्थनेपुरते अंगणही जेमतेम असते. अशा शाळा मैदान भाड्याने घेतात. पूर्वी जे मैदान नगरपालिकेचे किंवा एखाद्या मंडळाचे होते, तेथे आज अनेक ठिकाणी जाळी लावलेले कृत्रिम हिरवळीचे ‘टर्फ’ उभे आहे आणि त्याचे भाडे तासावर मोजले जाते. जमिनीची वाढलेली किंमत अशा रीतीने मुलांच्या खेळाच्या तासात येऊन पोहोचते.

दुसरे कारण शिक्षकाचे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. संघ बांधणे, सकाळ-संध्याकाळ सराव घेणे, मुलांना घेऊन तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे ही कामे तासिकेच्या मानधनावर होणारी नव्हेत. पूर्णवेळ क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी राहिली की ऐपत असलेल्या शाळा बाहेरच्या प्रशिक्षण संस्थेशी करार करतात, आणि ती संस्था दर मुलामागे शुल्क आकारते. ज्या कामाचे वेतन एकेकाळी सरकारी तिजोरीतून होत असे, ते आता पालकाच्या खिशातून होऊ लागते. अनुदानित शाळांना मिळणाऱ्या वेतनेतर अनुदानाच्या अपुरेपणाबद्दल संस्थाचालकांची तक्रार जुनीच आहे. वीजबिल आणि दुरुस्ती यांतच ते संपत असेल, तर चेंडू आणि जाळी यांच्यासाठी पालकांपुढे हात पसरण्यावाचून मुख्याध्यापकांनाही गत्यंतर उरत नाही.

तिसरे कारण खेळांचेच स्वरूप बदलले हे आहे. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि साध्या मैदानावर वाढलेल्या भारतीय हॉकीला तो बदल किती महाग पडला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आज तीच प्रक्रिया देशी खेळांत घडत आहे. कबड्डी मातीवरून मॅटवर आली. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलाला मॅटसाठी वेगळे बूट लागतात आणि मॅटवर सामने जिंकायचे तर सरावही मॅटवर करावा लागतो. खोखोही त्याच वाटेने निघाला आहे. गरिबाचा खेळ म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई, त्या खेळांनाही आता भांडवल लागू लागले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रीडासाहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच आहे. परंतु एकूण खर्चात साहित्याचा वाटा मर्यादित असतो. मैदान, प्रशिक्षण आणि प्रवास हे मोठे घटक त्या सवलतीच्या बाहेर राहतात.

शुल्काचे गणित

कारणे समजून घेतली म्हणजे शुल्काचे समर्थन झाले असे नव्हे. मैदान, जाळी, प्रशिक्षक यांवरील खर्च प्रामुख्याने स्थिर स्वरूपाचा असतो. वीस मुले खेळली काय आणि तीस खेळली काय, त्यात फारसा फरक पडत नाही. आणखी एका मुलाला खेळू देण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. असे असताना सरासरी खर्चाएवढे शुल्क प्रत्येक मुलाकडून घेतले, तर ज्याला खेळू देण्याने शाळेचे काहीही बिघडत नव्हते असाच मुलगा नेमका बाहेर राहतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या शाळेचा वार्षिक क्रीडाखर्च दोन लाख रुपये आहे आणि तो चारशे मुलांत वाटला जातो असे समजू. प्रत्येकी पाचशे रुपये येतात. ते न परवडल्याने शंभर मुले गळाली, तर उरलेल्या तीनशेंवर प्रत्येकी सुमारे ६६७ रुपये पडतात. त्या वाढीमुळे आणखी शंभर गळाली, की शुल्क हजारावर जाते. खर्च तेवढाच, मैदान तेवढेच. मात्र खेळणारी मुले निम्मी आणि दर दुप्पट. आपल्या शाळेत खेळाची आवडच उरलेली नाही, असा निष्कर्ष मग व्यवस्थापन काढते आणि पुढच्या वर्षी खेळाचा तास गणिताला दिला जातो.

घराच्या आतही या शुल्काचे परिणाम सारखे नसतात. दोन भावंडांपैकी एकाचाच खर्च झेपणार असेल, तर बहुधा मुलीचा खेळ आधी सुटतो. तिच्या बाबतीत प्रवास आणि मुक्काम यांविषयीची काळजी आधीच असते. खर्चाची सबब तिच्या जोडीला आली म्हणजे नकार देणे सोपे होते.

कॅलिफोर्नियाचा अनुभव

या वाटेने आधी गेलेल्या समाजाचा अनुभव येथे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मतदारांनी स्थावर मालमत्तेवरील करावर कडक मर्यादा घातली. शाळांचे उत्पन्न त्या करावर अवलंबून असल्याने त्यांना कात्री लागली. सांता बार्बारा येथील शालेय जिल्ह्याने खेळ, संगीत व नाट्य यांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक उपक्रमासाठी पंचवीस डॉलर घेण्यास सुरुवात केली. गरजूंना माफीची सोयही ठेवली. तरीही प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली न्यायालयाने शुल्क घटनाबाह्य ठरविले. हे उपक्रम शिक्षणाचेच अंग आहेत आणि शिक्षण विनामूल्य असेल तर त्याचे अंगही विनामूल्यच असले पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा होता. माफीची सोय आहे हा बचाव न्यायालयाने मानला नाही, तसेच तिजोरी रिकामी आहे हाही नाही. पुढेही निरनिराळ्या नावांनी आकारणी चालूच राहिल्याने २०१२ साली राज्याच्या विधिमंडळाला शुल्कबंदीचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

अन्य अनेक राज्यांत मात्र शुल्काची प्रथा रुळली. मिशिगन विद्यापीठाच्या बालरुग्णालयाने २०१२ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत शालेय खेळांत भाग घेणाऱ्या मुलांपैकी ६१ टक्के मुलांना सहभाग शुल्क भरावे लागल्याचे आढळले. सरासरी शुल्क ९३ डॉलर होते. पण साहित्य, प्रवास इत्यादी धरून कुटुंबाचा एकूण खर्च ३८१ डॉलर होता. म्हणजे पावतीवर दिसणारी रक्कम ही खऱ्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याएवढीच होती. कमी उत्पन्नाच्या सुमारे दर पाच कुटुंबांपैकी एकाने खर्चापायी मुलांचा खेळातील सहभाग कमी झाल्याचे सांगितले. अमेरिकेसारख्या संपन्न देशात ही स्थिती असेल, तर मुंबईच्या चाळीतील किंवा मराठवाड्याच्या तालुक्यातील कुटुंबाची काय कथा!

कायदा आणि गुणपत्रिका

भारतीय कायद्याची भाषा कॅलिफोर्नियाच्या निकालाहून कमी स्पष्ट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे की त्याला लावलेले ठिगळ, या प्रश्नाचे उत्तर परिशिष्टात क्रीडांगण आणि क्रीडासाहित्य यांचा समावेश करून कायद्यानेच दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भाषा केली. तथापि या संरक्षणाची मर्यादा चौदाव्या वर्षी संपते. शालेय स्पर्धांचे सतरा व एकोणीस वर्षांखालील गट त्यानंतरचे. खेळ ज्या वयात गांभीर्याने सुरू होतो आणि महाग होतो, नेमक्या त्याच वयात कायदा हात काढून घेतो.

याला महाराष्ट्रात आणखी एक पैलू आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या स्तरानुसार कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण दिले जातात. योजनेमागील हेतू उत्तम आहे. मैदानावर घालवलेल्या वेळेची ती भरपाई आहे. परंतु स्पर्धेपर्यंत पोहोचण्याचा खर्च कुटुंबाने करावयाचा आणि गुण शासनाने द्यावयाचे, असा व्यवहार झाला की सहभागाचा खर्च हे नकळत गुणांचेच मूल्य ठरते. अकरावीच्या प्रवेशयादीत एकेका गुणासाठी झुंज असते. तेथे पंधरा-वीस गुणांचा लाभ ज्याला मिळाला नाही, तो कदाचित धावण्यात मागे नव्हता. प्रवासखर्च भरण्यात मागे होता.

कोठून सुरुवात करावी?

पैसा नाही, हे शासनाचे नेहमीचे उत्तर या बाबतीत पुरेसे नाही. ‘खेलो इंडिया’ योजनेसाठी केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एक हजार कोटी रुपयांची तरतूद होती. निवडलेल्या खेळाडूस वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची या योजनेची कल्पना आहे आणि ती योग्यच आहे. पण निवड ज्यांच्यातून व्हायची ती मुले शाळेच्या मैदानावर यावी लागतात. तळाशी शुल्काची चाळण लावून वर शिष्यवृत्ती वाटली, तर गुणवंतांचा शोध ऐपतवानांपुरताच मर्यादित राहतो.

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासातील दोन उदाहरणे येथे पुरेशी बोलकी आहेत. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकले, ते गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे हा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पहिल्या उदाहरणाचा गौरव करावा तेवढा थोडाच. पण धोरण आखताना अनुकरण दुसऱ्याचे करावयाचे असते. प्रत्येक गावाला खर्डेकर लाभत नाहीत.

करण्याजोग्या गोष्टी अवाढव्य नाहीत. आठवीपर्यंतच्या मुलांकडून खेळाच्या नावाने कोणतीही रक्कम घेता येणार नाही, हे शासनाने स्पष्ट आदेशाने सांगावे. राखीव २५ टक्के जागांवर खासगी शाळांत गेलेल्या मुलांना तर त्याची सर्वांत अधिक निकड आहे. शाळेचा अधिकृत संघ तालुक्याबाहेर जातो तेव्हा प्रवास व भोजन यांचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. ज्या स्पर्धांचे गुण शासन देते, त्यांच्याबाबत हे कर्तव्यच ठरते. महापालिका व नगरपालिका यांची मैदाने शाळेच्या वेळात शाळांना विनामूल्य खुली असावीत. पूर्णवेळ क्रीडाशिक्षकाची जागा ही चैन न मानता भरली जावी. आणि शुल्क नियमनाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला जो अधिकार दिला आहे, त्याचा वापर करून पालकांनी क्रीडाशुल्काचा जमाखर्च मागावा. नंतरच्या दुरुस्तीने तक्रारीसाठी किमान २५ टक्के पालक एकत्र येण्याची अट घातली असली, तरी समितीत बसून हिशेब विचारण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळविण्याची देशाची आकांक्षा आहे. त्या स्पर्धांची भव्य क्रीडागारे ठरल्या वेळी उभी राहतील, यात शंका नाही. त्यांत उतरणारे खेळाडू आज पाचवी-सहावीच्या वर्गात बसलेले आहेत. त्यांच्यापैकी किती जण या वर्षी संघाच्या यादीत नाव येऊनही पैसे भरण्याच्या तारखेला गैरहजर राहिले, याची नोंद प्रत्येक शाळेने ठेवली तरी या प्रश्नाची खरी व्याप्ती शासनापुढे येईल.