दारू सोडायची तर फरदड ठेवू नका



कापसाला भाव काय मिळाला हे आपण सभेत विचारतो. चुकाऱ्यातले किती पैसे घरी पोचले, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले : "कर्ज आहे, म्हणून पितो." कर्ज खरे आहे. पण दारूने ते एका पैशाने कमी होत नाही, ज्वारीची कणगी मात्र रिकामी होते.

दुसरे ठरलेले उत्तर : "एकदा लागली की दवाखान्याशिवाय सुटत नाही." हे खरे नाही. अमेरिकेत २००१-०२ साली मोठी पाहणी झाली. पूर्वी दारूचे व्यसन जडलेल्या दर चारांपैकी साधारण तिघे तेव्हा पुरते व्यसनी उरले नव्हते. उपचार मात्र चारांतल्या एकानेच घेतले होते.

मग सुटते कशी? गुलाबी बोंडअळी नुसत्या फवाऱ्याने जात नाही. फरदड न घेता पऱ्हाटी उपटावी लागते. खायला मिळाले नाही की अळीची साखळी तुटते. नुसती शपथ म्हणजे नुसता फवारा. चुकारा आणायला कारभारणीला सोबत न्या, पैसा तिच्या हाती द्या. गुत्त्याची वाट बदला. दिवेलागणीच्या वेळेला काम लावून घ्या. आणि "सणाचा एक घोट" म्हणजेच फरदड, ती ठेवू नका. पाय घसरलाच तर हंगाम बुडाला म्हणून बसू नका, दुबार पेरणी करा.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याचे, सकाळी हात कापणाऱ्याचे, एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. दोन-चार दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या. त्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांना हवी ती सोबत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत डॉक्टर नसतो, फी नसते. दारू सोडलेली माणसे सोडू पाहणाऱ्याला धरून बसतात. हे आपल्या पारावर का होऊ नये? प्रत्येक गावात दारू सोडलेले दोघे-चौघे असतातच. गावच्या शाखेने त्यांना पुढे बसवावे, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. टिंगल करणाऱ्याला तिथे जागा नाही.

भावाची लढाई आपण लढूच. पण मिळालेला भाव घरात पोचवणे सरकारच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे.