महिन्याचे दिवस किती?

२९ फेब्रुवारी २०२४ हा गुरुवार होता. त्या दिवशी आमच्या महाविद्यालयात नेहमीप्रमाणे तास झाले; विद्यार्थी बसले, आम्ही शिकवले. सत्राअखेरीस मात्र असे निदर्शनास आले की हा दिवस उजाडलाच नव्हता. हजेरीसाठी कागदी हजेरीपटाच्या जोडीला एक ॲप वापरण्यास आम्ही त्याच वर्षी सुरुवात केली होती. आमच्याच विभागातून एम. ए. होऊन पुढे संगणकाच्या वाटेला गेलेल्या एका विद्यार्थ्याने मोठ्या आपुलकीने ते करून दिले होते. त्या ॲपने २९ तारखेची हजेरी घेतल्यासारखे दाखवले आणि प्रत्यक्षात टाकून दिली. झालेल्या तासांची संख्या मात्र ते वेळापत्रकावरून धरीत होते, त्यामुळे ती कमी झाली नाही.

एस. टी.ने ये-जा करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीची हजेरी अगदी काठावरची होती. १२० तासांपैकी ९० तास, म्हणजे बरोबर पाऊणशे टक्के. त्या गुरुवारचे चार तास गेल्यावर तिचे ८६ उरले आणि टक्केवारी ७२च्याही खाली आली. परीक्षेस बसू न देण्याच्या यादीत तिचे नाव लागले. कागदी हजेरीपट कपाटात होता म्हणून ते नाव निघाले. आम्ही ॲपकर्त्यास बोलावले तेव्हा तो खजील होऊन म्हणाला, "सर, एका दिवसाची तर चूक होती." वर्षभराच्या हिशेबात एक दिवस किरकोळ खरा, पण ज्याच्या वाट्याचा तो दिवस गेला त्याला ते सांगता येत नाही. या निमित्ताने आम्ही साहित्याच्या मंडळींनी त्याला त्याची आज्ञावली आमच्या भाषेत उलगडून सांगावयास लावली, आणि आमचे जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

त्याने केले होते ते असे. बारा आकडे एका ओळीत लिहिले होते: एकतीस, अठ्ठावीस, एकतीस, तीस... महिन्याचा क्रमांक द्यावा, त्या जागेवरचा आकडा उचलावा. हा आकडा ओलांडणारी तारीख चुकीची समजून सोडून द्यावी. फेब्रुवारीला कायमचे अठ्ठावीस. शाळेत मुठीच्या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर महिने मोजावयास शिकलेल्या आपणां सर्वांच्या मनात हीच यादी असते. त्या मुठीचेही सूत्र होऊ शकते, असे त्याने सांगितले. महिन्याच्या क्रमांकाला आठने भागून येणारा पूर्णांक त्याच क्रमांकात मिळवावा; बेरीज विषम आली तर एकतीस दिवस. सातवा जुलै आणि आठवा ऑगस्ट लागोपाठ एकतीसचे का, याचे उत्तर त्या भागाकारात आहे, कारण आठव्या महिन्यापासून मूठ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सूत्र देखणे आहे. फेब्रुवारी मात्र त्यातही बसत नाही. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावीच लागते.

ही वेगळी ओळ म्हणजे लीप वर्षाचा नियम. चारने भाग जाणारे वर्ष लीप, इतकाच नियम पुष्कळांना ठाऊक असतो. तो अपुरा आहे. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते. पण चारशेने भाग जात असेल तर ते पुन्हा लीप असते. म्हणून १९०० लीप नव्हते, २००० होते, २१०० असणार नाही. नियम, त्याला अपवाद आणि अपवादालाही अपवाद, ही रचना व्याकरणाच्या विद्यार्थ्यास नवी नसावी. संस्कृत व्याकरणपरंपरेने उत्सर्ग आणि अपवाद यांचे नाते फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आपल्या शुद्धलेखनातच पाहा. तत्सम शब्दाच्या अंती येणारा उकार मराठीत दीर्घ लिहावा, म्हणून 'गुरू'. तो शब्द समासाचे पूर्वपद असेल तर मुळाप्रमाणे ऱ्हस्व, म्हणून 'गुरुदक्षिणा'. पण मूळ संस्कृतातच अन्त्य स्वर दीर्घ असेल तर समासातही तो दीर्घच राहतो, म्हणून 'लक्ष्मीपुत्र'. पहिलाच नियम पाठ करून थांबलेला विद्यार्थी 'गुरूदक्षिणा' लिहितो आणि त्याचे गुण जातात. पहिलाच नियम ऐकून थांबलेला आज्ञावलीकार २१०० सालच्या फेब्रुवारीला २९ दिवस देईल. आमच्या विद्यार्थ्याने तर पहिला नियमही लिहिला नव्हता.

येथे कोणी म्हणेल की ही नवशिक्यांची चूक आहे. तसे नाही. लोटस १-२-३ या हिशेबाच्या सुप्रसिद्ध प्रणालीने १९०० हे लीप वर्ष धरले होते. तिच्या फायली चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने तीच चूक समजून उमजून उचलली, आणि एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न आलेली तारीख आजही आहे. पाठभेदाच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचयाचा वाटेल: एका लेखनिकाची चूक पुढचा लेखनिक मुळाशी इमान राखण्यासाठी तशीच उतरवून घेतो. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचेच झून नावाचे संगीतयंत्र, त्याचा ३० गिगाबाइटचा नमुना, जागोजाग बंद पडले. दिवसांच्या राशीतून एकेक वर्ष वजा करीत जाणाऱ्या आज्ञेला लीप वर्षाच्या ३६६व्या दिवशी काय करावे हे सांगितलेलेच नव्हते. ती वजाही करीना आणि थांबेही ना. तेथेच फिरत राहिली.

अशा चुका वारंवार का होतात? आमच्या मते याचे कारण गणिताच्या कच्चेपणात नाही. महिन्याचे दिवस हे गणिताने सिद्ध होणारे सत्य आहे, या समजुतीत ते आहे. चंद्राचा महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. तो आकाशात आहे. आपल्या भिंतीवरचा ३०-३१ दिवसांचा महिना आकाशात कोठेही नाही. तो ठरवलेला आहे, आणि ठरवणाऱ्यांनी तो वेळोवेळी बदललेला आहे. जूलियस सीझरने इ. स. पूर्व ४५ पासून नवी गणना लागू केली, तेव्हा वर्ष सरासरीने तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे झाले. ते खऱ्या सौरवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साचत गेली. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. शतकवर्षांचा अपवाद तेव्हाचाच. इंग्लंडने हे मान्य केले १७५२ साली. तेथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. युनिक्स प्रणालीला पारंपरिक 'कॅल' आज्ञेने सप्टेंबर १७५२ दाखवावयास सांगितले तर ती १९ दिवसांचा महिना छापते. तिच्या कर्त्यांनी आकडा काढला नाही, इतिहास वाचला, असे आम्ही म्हणू.

यावर खरा आक्षेप आमच्या विद्यार्थ्यानेच घेतला. तो म्हणाला, आता हे कोणी स्वतः लिहीतच नाही. प्रत्येक भाषेत तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह असतो, त्याला विचारावे. आळसाने मी यादी लिहिली, ती माझी चूक. त्याने एक युक्तीही दाखवली. जावास्क्रिप्टमध्ये महिन्याची लांबी हवी असेल तर पुढच्या महिन्याची शून्य तारीख मागावी. एक तारखेच्या आधीचा दिवस म्हणजे या महिन्याचा शेवटचा, तो आपोआप मिळतो. फेब्रुवारीला लांबी विचारण्याऐवजी मार्चला 'तुझ्या आदल्या दिवशी काय होते' असे विचारणे आम्हांस फार आवडले.

त्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण त्याने प्रश्न निम्माच सुटतो. महिन्याला किती दिवस हे संग्रह सांगेल. 'महिना' म्हणजे काय हे तो सांगणार नाही. ३१ जानेवारीनंतर एक महिन्याने कोणती तारीख येते? जावाच्या नव्या संग्रहात उत्तर येते फेब्रुवारीची अखेर. जावास्क्रिप्टमध्ये नुसता महिना एकाने वाढवला तर उत्तर येते मार्चची २ किंवा ३ तारीख. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पण त्या तारखेवर घरभाडे, शिष्यवृत्तीची मुदत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांचे मानधन अवलंबून असेल, तर कोणता अर्थ घ्यावयाचा हे माणसालाच ठरवावे लागते. कायद्याने ही गरज ओळखली होती. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये 'महिना' या साध्या शब्दाची व्याख्या दिलेली आहे: ब्रिटिश दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना.

आणि आपल्याकडे महिना एकच नाही. भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत, जी २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून स्वीकारली गेली, वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे, आणि चैत्र एरवी ३०, लीप वर्षी ३१. शकात ७८ मिळवून येणारे वर्ष लीप असेल तर हेही लीप. पंचांगातल्या महिन्याला तिथी नेहमी तीसच, दिवस मात्र कधी एकोणतीस तर कधी तीस, कारण तिथीचा क्षय होतो आणि वृद्धीही होते. २०२३ साली श्रावण दोनदा आला, आधी अधिक आणि मग निज. आमच्या घरांतून दूधवाला इंग्रजी महिन्याने, व्रत पंचांगाच्या महिन्याने आणि बाळाचे महिने जन्मतारखेने मोजण्याची रीत आहे, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही संदर्भ ठाऊक असतो. आज्ञावलीला संदर्भ नसतो. लिहिणाऱ्याने तो द्यावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की ही बाब तंत्रज्ञांवर सोडून साहित्याच्या शिक्षकांनी मोकळे होऊ नये. शब्दाचा अर्थ कोणत्या संदर्भात कोणता, नियमाचा अपवाद कोठे सुरू होतो, पाठात चूक कोठून शिरली, हे प्रश्न आपले आहेत. महाविद्यालयात एखादे ॲप येते तेव्हा ते घेण्यापूर्वी आपण एक तरी प्रश्न विचारावा: २९ फेब्रुवारीला हे काय करते? आमच्यापैकी कोणालाही संगणकाची भाषा येत नाही. पण हा प्रश्न मराठीत विचारता आला असता, आणि आम्ही तो विचारला नाही. चुकीचा तेवढा वाटा आमचा.

असो. विद्यार्थ्याने बारा आकड्यांची ती ओळ काढून टाकली आहे. आम्ही त्याला आमच्यासमोर २०२८ चा फेब्रुवारी उघडावयास लावला, एकोणतीस आले. मग २१०० चा; अठ्ठावीस आले. ती विद्यार्थिनी परीक्षेस बसली. कागदी हजेरीपट आम्ही अद्याप बंद केलेला नाही.