हॉस्पिटल ‘बंद पडले’ नाही, बंद केले

मराठीत ‘बंद पडणे’ आणि ‘बंद करणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. घड्याळ बंद पडते. दुकान मालक बंद करतो. सरकारी किंवा कंपनीच्या हॉस्पिटलबद्दल विचारले, की पुढारी कोणत्याही पक्षाचा असो आणि कोणत्याही भाषेत बोलणारा असो, त्याला नेमके पहिले क्रियापद सुचते. हॉस्पिटल बंद पडले. म्हणजे कोणी काही केले नाही, आपोआप झाले. जाब विचारायला गेलेला माणूस मग हात जोडून परत येतो.

मी बंगळुरूत राहतो. इथून शंभरेक किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स आहे, म्हणजेच केजीएफ. सिनेमाने हे नाव देशभर पोचवले, पण तिथल्या माणसांची जात आणि त्यांची फुप्फुसे काही पडद्यावर आली नाहीत. 1880 पासून जॉन टेलर आणि कंपनीने ही खाण चालवली. खाली उतरणारे बहुतेक मजूर तमिळ दलित होते. एकेकाळी त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास होती. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. अयोथी दास पंडितांच्या शाक्य बौद्ध संघाच्या शाखा इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होत्या, नागपूरच्या दीक्षेच्या कितीतरी आधी. पुढे सी. एम. आरुमुगम, एस. राजेंद्रन यांच्यासारखे रिपब्लिकन आमदार याच राखीव मतदारसंघातून कर्नाटक विधानसभेत गेले. महाराष्ट्राबाहेर आपली चळवळ कुठे कुठे रुजली होती, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही. असो.

खाण 1956 मध्ये सरकारी झाली, 1972 मध्ये केंद्राच्या भारत गोल्ड माइन्स कंपनीची झाली आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद करण्यात आली. तीन हजारांहून अधिक कामगार घरी बसले. त्याच वेळी कंपनीच्या हॉस्पिटललाही कुलूप लागले. आठशे खाटांचे हॉस्पिटल, असे त्याचे वर्णन आजही केले जाते.

यावर दिले जाणारे पहिले उत्तर ऐकायला अगदी बरोबर वाटते: कंपनी तोट्यात होती, कंपनीच राहिली नाही तर तिचे हॉस्पिटल कसे राहणार? या उत्तराशी मला नीट भांडायचे आहे, कारण आपल्यातलेही पुष्कळ शिकलेले लोक त्यावर मान डोलावतात.

भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद 1947 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाली, असे एमबीबीएसच्या मुलांना शिकवतात. दगड फोडताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. त्यावर बरे करणारे औषध नाही. आणि मुद्दा असा, की हा आजार कामावर असतानाच दिसतो असे नाही. तो दहा-वीस वर्षांनी दिसतो, काम सुटल्यावरही वाढत राहतो आणि त्याच्या जोडीला क्षयाचा धोका वाढतो. म्हणजे 2001 मध्ये चाळिशीत असलेला कामगार त्यानंतरच्या वीस वर्षांत आजारी पडणार होता. खाण संपली तेव्हा हॉस्पिटलची गरज संपत नव्हती, वाढत होती. सोने काढण्याचा खर्च परवडत नव्हता, हा हिशेब मला मान्य आहे. पण ज्यांनी ते काढले त्यांच्या छातीतला आजार हासुद्धा कंपनीचाच खर्च होता. तो ताळेबंदातून उचलून मजुराच्या घरात टाकला, की कंपनीचा तोटा कमी दिसतो.

आणखी एक गोष्ट हॉस्पिटलबरोबर गेली, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. सिलिकोसिस कागदावर यायला छातीचा एक्स-रे लागतो, माणसाने कुठे किती वर्षे काम केले याचा इतिहास लागतो आणि दोन्ही एकत्र वाचणारा डॉक्टर लागतो. खाणीच्या हॉस्पिटलात हे तिन्ही एका छपराखाली मिळण्याची सोय होती. ते नसले की खोकणारा म्हातारा क्षयाची औषधे घेऊन घरी येतो आणि मेला तर दम्याने किंवा क्षयाने मेला असे म्हणतात. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत सिलिकोसिस होता, पण रोगाला नावच मिळाले नाही तर दावा कसला करणार? कुलूप खाटांना लागले तसे पुराव्यालाही लागले.

दुसरे उत्तर: हा केंद्राचा विषय आहे. ठीक. कोलारची लोकसभेची जागाही राखीव आहे. काँग्रेसचे के. एच. मुनियप्पा 1991 ते 2019 सलग तिथून खासदार होते आणि यूपीए सरकारात केंद्रात मंत्री होते. 2019 मध्ये भाजपचे एस. मुनिस्वामी आले. केंद्र त्यांच्याकडे होते, पुढे यांच्याकडे होते. राखीव जागेवर आपला माणूस बसतो, पण तिकीट देणारा वेगळा असतो आणि उत्तर तोच लिहून देतो. बाबासाहेबांनी पुणे कराराबद्दल जी तक्रार आयुष्यभर केली, तिचा अर्थ केजीएफच्या लाइनींमध्ये जाऊन समजतो.

मग आला मे 2021. दुसऱ्या लाटेत बंगळुरूत खाट मिळत नव्हती. केजीएफमध्ये खासदार मुनिस्वामींच्या पुढाकाराने स्वयंसेवक आणि स्थानिक लोक त्या हॉस्पिटलात शिरले, वीस वर्षांची धूळ झाडली, रंग दिला, वायरी ओढल्या आणि सुमारे दोन आठवड्यांत ते कोविडच्या रुग्णांसाठी उघडले. ज्यांनी झाडू मारला त्यांचे मी मनापासून कौतुक करतो. पण पक्षाने हे यश मिरवले तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. दोन आठवड्यांत जे उघडते, ते वीस वर्षे बंद कशाने होते? तोटा तोच होता, केंद्र-राज्य वाद तोच होता, इमारत तीच होती. फरक एवढाच, की या वेळी आजार सगळ्यांना झाला होता.

हे फक्त इथलेच नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात होमर जी. फिलिप्स हॉस्पिटल 1937 मध्ये काळ्या लोकांसाठी उभे राहिले आणि काळ्या डॉक्टरांच्या पिढ्या तिथे घडल्या. 1979 मध्ये महापौर जेम्स कॉनवे यांनी ते बंद केले. सबब ओळखीची: एका शहराला दोन सार्वजनिक हॉस्पिटले परवडत नाहीत. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या बंदोबस्तात रुग्ण हलवले गेले. 1981 मध्ये कॉनवे पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. हॉस्पिटल उघडतो म्हणणारे व्हिन्सेंट शोमेल महापौर झाले. त्यांनीही ते उघडले नाही. पुढाऱ्याला पाडणे जमते, उत्तराला पाडणे अवघड असते.

आता ताजी गोष्ट. जून 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने केजीएफमधल्या 13 ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. सुमारे एक हजार एकरांवर पसरलेली 3 कोटी 30 लाख टन गाळलेली माती. बाकीच्या जमिनीतून 2,330 एकर उद्योगनगरीसाठी राज्याला हवी आहेत. तोट्याची म्हणून सोडलेली जागा पुन्हा फायद्याची झाली. ढिगारे हलवले की धूळ पुन्हा उडणार, आणि ती त्याच लाइनींवर पडणार. तिथले हजारो लोक आज पहाटेची गाडी पकडून बंगळुरूत कामाला येतात आणि रात्री परततात. कुलूप त्यांच्या वाटेवरच आहे.

तेव्हा मागणी नेमकी हवी. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससारख्या धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण केले: तपासणी, प्रमाणपत्र, मग रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. कर्नाटकाने निदान तेवढे करावे. ढिगाऱ्यांच्या करारात हॉस्पिटलचा खर्च पहिल्या पानावर लिहावा. आणि 2001 पर्यंत कंपनीच्या हजेरीपटावर असलेल्या प्रत्येक माणसाचा, तो जिवंत असेल तर, एक्स-रे काढावा.