यंदा माळावर झाडं नकोत

तुमच्यापैकी किती जणांनी गोरिला पाहिलाय? प्रत्यक्ष नाही हो, स्क्रीनवर. डेव्हिड अ‍ॅटनबरो रवांडाच्या जंगलात गोरिलांच्या घोळक्यात बसलेत आणि कुजबुजत बोलतायत, ही क्लिप कधी ना कधी तुमच्या फोनवर आली असणारच. ती बीबीसीच्या 'लाइफ ऑन अर्थ' या १३ भागांच्या मालिकेतली, १९७९ सालची. खरं तर त्यांना तिथं अंगठ्याचं महत्त्व समजावून सांगायचं होतं. गोरिलांनी त्यांनाच आपल्यात ओढून घेतलं आणि ठरवलेलं बोलणं राहिलं बाजूला.

आता दुसरा प्रश्न. माळढोक किती जणांनी पाहिलाय? निदान स्क्रीनवर तरी?

त्याच १९७९ साली आपल्या नान्नजला माळढोक अभयारण्य जाहीर झालं. बार्शी रोडनं गेलात तर वीस-बावीस किलोमीटर. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, तरीही उडणारा पक्षी. घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते. आज देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते.

याचा दोष फक्त शिकाऱ्यांवर टाकून चालणार नाही. अभयारण्य कागदावर तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावंच्या गावं, शेतं, वस्त्या आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि न पाहिलेल्या पक्ष्याचा लोकांना राग यायला लागला. पुढं क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं. मधली तीसेक वर्षं पक्षी आणि शेतकरी, दोघांचंही नुकसान करून गेली.

पण आज लिहायला बसले ते आपल्याबद्दल. सेकंड इयरला असताना एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्ही एका माळावर दोनशे खड्डे खणले, रोपं लावली, फोटो काढले. जाम भारी वाटलं होतं. तो माळ 'पडीक' आहे असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्हीही विचारलं नाही. निसर्ग म्हणजे झाडी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय! गंमत बघा, सेरेनगेटीत सिंह चालतो तोही गवताळ माळच. तो पडद्यावर दिसला की आपण 'वॉव' म्हणतो आणि आपल्या इथलं तसंच गवत दिसलं की कुदळ उचलतो.

माळ रिकामा नसतो. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं, त्यांवर काळवीट, काळवीटामागं लांडगा. चंडोल आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये येतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. या सगळ्यांना दूरवर दिसणारं मोकळं रान लागतं. तिथं सुबाभूळ किंवा ग्लिरिसिडिया दाटली की गवत मरतं, कावळ्यांना बसायला जागा मिळते आणि वरून अंडी आयती दिसतात. झाडं लावाच, पण शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, जिथं पूर्वी झाडं होती तिथं.

जून लागलाय. 'खड्डे खणायला कोण कोण येणार?' असा मेसेज ग्रुपवर आला की नाव द्यायच्या आधी एवढंच विचारा: जागा कुठली आणि तिथं आधी काय होतं? सर चिडणार नाहीत. चिडले तरी विचारा.

आणि एकदा नान्नजला जा. 'लाइफ ऑन अर्थ'च्या एका कॅमेरामननं, तोंडात पिल्लं वाढवणाऱ्या बेडकानं ती बाहेर टाकावीत म्हणून शेकडो तास वाट पाहिली होती. तुम्ही दोन तास द्या. वनविभागाची परवानगी घेऊन, पहाटे, गाणी बंद करून. माळढोक दिसेल असं मी सांगणार नाही. मला नाही दिसला. काळविटांचा कळप दिसला आणि खूप लांब, बांधावर, एक लांडगा. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि निघून गेला. फोन खिशातून काढेपर्यंत बांध रिकामा होता. सॉक्समधली कुसळं मात्र दोन दिवस निघत होती.