आधी दोन मीटर पाहा, मग मोटार

लखनौहून कानपूर रस्त्याला लागले की अमौसीच्या विमानतळाजवळ सरोजिनी नगर येते. जुन्या वाचकांना आठवत असलेली 'विजय सुपर' स्कूटर इथल्याच स्कूटर्स इंडिया या सरकारी कारखान्याची. इटलीतील लँब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ साली ही कंपनी सुरू झाली. पुढे तिची 'विक्रम' ही तीनचाकी उत्तर भारतात गावोगाव धावली. २०२१ साली केंद्र सरकारने ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०२३ च्या करारानंतर अशोक लेलँडने विजेच्या बसगाड्यांच्या कारखान्यासाठी हाच परिसर निवडला. पेट्रोलकडून विजेकडे जाणारे वारे इथे असे दारातच वाहत आहेत. साहजिकच घरातही प्रश्न निघतो: आपली जुनी पेट्रोलची मोटार काढून विजेची घ्यावी का?

या भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. दारात चौदा वर्षांची सेडान उभी आहे. गृहस्थांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. मुलगा विजेच्या गाडीसाठी हटून बसला आहे, आजींचे गुडघे दुखतात आणि गृहिणीला काळजी आहे ती बँकेतल्या दहा-बारा लाखांची. ही रक्कम एकदा गेली की पुन्हा जमणे कठीण. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी हा विचार घरातच पूर्ण व्हायला हवा.

जुनी गाडी खरोखर संपली का?

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, असा अनेकांचा समज आहे. दिल्ली व राजधानी परिसरात जुन्या गाड्यांसाठी वेगळे कडक नियम झाले. लखनौ त्या परिसरात मोडत नाही. इथे पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून, शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. तेव्हा केवळ वाढदिवसाच्या भीतीने गाडी विकू नका.

मात्र दुसरी बाजूही पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. अॅव्हरेज थोडे घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्या अधूनमधून तपासाव्या लागतात. विश्वासातल्या मेकॅनिककडून पुढच्या दोन वर्षांत काय काय बदलावे लागेल, याची लेखी यादी घ्या. गाडी मोडीत काढायचीच ठरली, तर सरकारमान्य केंद्रातच द्या. तिथून मिळणारे प्रमाणपत्र सांभाळा, कारण नव्या गाडीच्या रस्ता करात त्यावर सवलत मिळू शकते.

पहिला मीटर: गाडीचा

आता खरा हिशेब. पेट्रोल लिटरला ९५ रुपये आणि शहरातले अॅव्हरेज १४ किलोमीटर धरू. वीज युनिटला ७ रुपये धरू. छोटी विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती जमेस धरून, एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते असे मानू.

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्या घराला पेट्रोलसाठी सुमारे ६,८०० रुपये लागतील आणि विजेसाठी सुमारे १,१००. वर्षाची बचत जवळजवळ ६८,००० रुपये. नव्या पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी तीन लाखांनी महाग असेल, तर हा फरक साडेचार वर्षांत भरून निघतो. त्यानंतरची बचत तुमची.

पण महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणे असेल, तर वर्षाची बचत २७,००० रुपयांच्या आसपास येते. तेच तीन लाख फिटायला अकरा वर्षे लागतात. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. म्हणजे हमी आधी संपणार आणि पैसे नंतर फिटणार! निवृत्तीनंतर ऑफिसची फेरी बंद होईल, हेही लक्षात घ्या. शिवाय विमानतळापासून हजरतगंजवरून पुढे मुन्शीपुलियापर्यंत २०१९ पासून मेट्रो धावते. मुलगा मेट्रोने जाऊ लागला तर गाडीचे किलोमीटर आणखी कमी होतील.

किमतीतला फरकही स्थिर नसतो. विजेच्या गाड्यांवर २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पूर्वी वाचलेला हिशेब आज जसाच्या तसा लागू पडत नाही. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला मिळणारी आयकर सवलतही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सवलतींना मुदत असते. बुकिंगच्या दिवशी रस्ता कराचा नियम काय आहे, हे आरटीओ कार्यालयातच विचारा.

दुसरा मीटर: विजेचा

स्वतःचे अंगण असेल तर निम्मे काम झाले. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरही गाडी चार्ज होते, पण तीस युनिटची बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्री लावली की सकाळी तयार. वेगवान घरगुती चार्जर हवा असेल तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि त्याबरोबर दरमहाचा स्थिर आकारही वाढतो. आधी चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. एसी, गिझर आणि गाडी एकाच जुन्या वायरिंगवर टाकणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा घरचा इन्व्हर्टर पंखे चालवील, मोटार नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आपल्या पार्किंगपर्यंत आपल्याच मीटरवरून वायर आणायला सोसायटीची लेखी संमती घ्या. ती मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. रोज बाहेरच्या चार्जिंग केंद्रावर अवलंबून राहिलात, तर युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त पडतो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

शोरूममध्ये काय पाहाल?

जाहिरातीत सांगितलेल्या पल्ल्याचा दोन-तृतीयांश खरा धरा. लखनौच्या मे महिन्यात एसी आणि जानेवारीत हीटर, दोन्ही बॅटरी खातात. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा. लोह-फॉस्फेटची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि जास्त वेळा चार्ज करता येते.

काही कंपन्या गाडी स्वस्तात देऊन बॅटरीचे भाडे किलोमीटरप्रमाणे घेतात. त्या भाड्यात विजेचा खर्च मिळवून मगच पेट्रोलशी तुलना करा. दरमहा किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल, हेही वाचून घ्या.

आजींना बरोबर न्या. सेडानच्या खोल आसनातून उठणे त्यांना जड जाते. उंच बांध्याची गाडी त्यांना सोयीची वाटेल. पण बऱ्याच विजेच्या गाड्यांत बॅटरी पायाखाली असल्याने मागच्या जागेची जमीन वर येते आणि गुडघे उचललेले राहतात. दहा मिनिटे बसवून पाहा. सेडानची डिकी मोठी असते. घरातली मोठी बॅग सोबत नेऊन ती नव्या गाडीत मावते का, तेही पाहा.

राहिला लांबचा प्रवास. कानपूरला जाऊन परत येणे बहुतेक गाड्यांना एका चार्जमध्ये जमते. आग्र्याच्या ३०२ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर मात्र वेगामुळे बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून थांबे आधीच ठरवायला हवेत. मुंबईला जायला पुष्पक एक्स्प्रेस आहेच. वर्षातल्या एका प्रवासासाठी दोन-तीन लाखांची जास्तीची बॅटरी घेणे शहाणपणाचे नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथेही खरे. महिन्याला हजाराच्या घरात किलोमीटर होत असतील, अंगणात प्लग असेल आणि गाडी आठ वर्षे ठेवायची तयारी असेल, तर छोटी विजेची गाडी खुशाल घ्या. फिरणे चारशेच्या आत असेल, तर जुनी सेडान दुरुस्त करून आणखी दोन-तीन वर्षे चालवा आणि पैसे बँकेतच राहू द्या. निर्णयाची घाई नको. पुढचे तीन महिने दर रविवारी गाडीच्या मीटरवरचा आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. बाप-लेकाच्या वादाचा निकाल तेच आकडे देतील.