त्रिकोण, बाराखडी आणि जावईबापू

अक्षरांचे त्रिकोण छापून कोणाचे पोट भरत नाही, असे आमच्या जावईबापूंचे मत आहे. जावईबापू ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहेत. रेवदंड्याला आले की सुरमईचे काटे आणि आपल्या शिक्षणपद्धतीची पिसे ते एकाच बैठकीत काढतात. जावयाला तोंडावर खोडून काढायची आपल्यात रीत नाही. म्हणून लिहितो.

प्रकरण असे. आमची पुतणी अलिबागला कॉलेजात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला प्रात्यक्षिकाला पीएचपी आहे. ही वेबपाने बनवायची भाषा. ग्रीनलंडात जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थांनी ती १९९५ साली लोकांपुढे ठेवली. त्या भाषेत पोरांनी करायचे काय? तर पहिल्या ओळीत ए, दुसरीत ए बी, तिसरीत ए बी सी असा त्रिकोण छापायचा. त्यासाठी लूपच्या पोटात लूप घालावे लागते. बाहेरचे लूप ओळी मोजते, आतले अक्षरे. बाहेरचे एक पाऊल टाकते तेवढ्यात आतले आपली अख्खी फेरी उरकून येते. एकत्र कुटुंबातल्या सासऱ्या-सुनेचे जसे चालते तसे!

जावईबापू म्हणाले, "बाबा, नोकरीत हे कोणी विचारत नाही. पोरं नुसती पाठ करतात."

पाठ करतात, हे शंभर टक्के खरे. गाइडमधले दहा त्रिकोण, दोन पतंग आणि एक डमरू एवढ्या भांडवलावर आमच्याकडची पोरे परीक्षेला बसतात. परीक्षकाने त्रिकोण उलटा मागितला की पोरगे आढ्याकडे बघते. म्हसळ्या-श्रीवर्धनाकडून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या पोराला मग कोणीतरी ऐकवतो, "तुला लॉजिक नाही." ते बिचारे हे खरे मानते आणि पुढे जन्मभर संगणकासमोर पाहुण्यासारखे अंग चोरून बसते. माझा राग आहे तो यावर. पण जावईबापूंनी फाशी दिली ती त्रिकोणाला!

अहो, त्रिकोणाचा काय गुन्हा? आतल्या लूपचा आकडा दर ओळीला पुन्हा एकपासून सुरू करायला विसरा, दर ओळीत एकच अक्षर. ओळ तोडायची खूण चुकून आतल्या लूपात घाला, सगळी अक्षरे रेशनच्या रांगेसारखी एकाखाली एक. आणि ब्राउझरचा खाक्या आणखी निराळा. तुम्ही दहा मोकळ्या जागा सोडा, तो त्यांची एक करतो. मनोरा म्हणून छापलेली आकृती पडद्यावर डाव्या अंगाला कलंडते. २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्या सुपाऱ्या कलंडल्या होत्या, थेट तशी. कारण शोधत एक संध्याकाळ गेली की पोर जे शिकते ते गाइडात नाही.

आणि लॉजिक नाही म्हणता? लूपच्या पोटातले लूप आमच्या पोराने बालवाडीत घोकलेले असते. क का कि की कु कू... कः! क जागच्या जागी उभा, काना-मात्रा-वेलांट्या एकेक करून येऊन जातात. बारा झाल्या की बाहेरचा एक घर पुढे सरकतो आणि ख उभा राहतो. क ते ळ ३४ व्यंजने, प्रत्येकाची बारा रूपे, झाली ४०८. याला दुसरे काय म्हणतात? पुढे २००९ साली सरकारने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली आणि बाराखडीची चौदाखडी झाली. प्रोग्राममध्ये फक्त बाराच्या जागी चौदा करायचे आणि यादीत दोन चिन्हे वाढवायची. ४७६ आपोआप होतात. वाडीत सुपारीला पाणी देणारा गडीही हेच करतो. एका रांगेतली सगळी आळी भरतो, मग दांड फोडून पाणी पुढच्या रांगेला वळवतो. त्याला कोणी लॉजिक नाही म्हणून बघावे!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पोरांना ए बी सी आधी नको, बाराखडी छापायला द्या. म्हणजे गाइडही उपयोगी पडणार नाही. इंग्रजीत ए म्हणजे ६५ आणि झेड म्हणजे ९०, मध्ये कोणी घुसखोर नाही. आपला क युनिकोडमध्ये २३२५ वर आणि ह २३६१ वर. सरळ लूप फिरवाल तर ३४ऐवजी ३७ निघतात. न च्या मागे नुक्ता लावलेला ऩ, ल-ळ च्या शेजारी तसाच एक ऴ. हे तमिळसारख्या भाषांतले ध्वनी लिहायला ठेवलेले पाहुणे. शिवाय आपल्या दऱ्याखोऱ्यांतला ऱ. शेवटी बसणारा ळ मध्येच येतो, आणि क्ष, ज्ञ यांना स्वतंत्र घरच नाही. ते जोडून करावे लागतात. आता पोराला विचार केल्यावाचून गत्यंतर आहे?

याहून गंमत गावाच्या नावाची. पीएचपीला साध्या पद्धतीने विचारा, 'अलिबाग'ची लांबी किती? उत्तर येते, १८! ते अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते, आणि आपल्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'अलिबागसे आया है क्या' हे वाक्य बंद करा म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. ती फेटाळली गेली. हा प्रश्न आता पीएचपीला विचारायला हरकत नाही. बरे, बहुभाषी मोजणी वापरली तर ते सहा म्हणते, कारण वेलांटी आणि काना वेगळे मोजते. त्रिकोण छापला की 'अ'खाली 'अल', त्याखाली 'अलि', मग 'अलिब'. लहान मूल बोबडे बोलत असल्यासारखे. अ-लि-बा-ग अशी चार अक्षरे मोजायला ग्राफीमची निराळी सोय घ्यावी लागते. ती आहे, पण मागायला आपली अक्षरे कशी बनतात ते माहीत हवे.

हे मी फोनवर, जावयाचा मान राखून, सांगितले. ते हसून म्हणाले, "बाबा, आता प्रोग्राम यंत्रच लिहून देतं."

देईल की! पण त्याने दिलेला त्रिकोण सहा ओळींचा आला तर तो चुकला हे ओळखणार कोण? पुतणीने तो चार ओळींत बसवला आहे. दिवाळीला जावईबापू येतील तेव्हा तिने त्यांच्यासाठी त्यांच्याच गावाचे नाव काढून ठेवले आहे. 'ऐरोली'. फराळाआधी, गाइड न बघता, उलटा.